घरट्यासमोरचा कॅमेरा

माघ सरत येतो, कोकणात शिमग्याचे वेध लागतात आणि त्याच सुमारास जुन्या बेहड्याच्या नाहीतर आंब्याच्या ढोलीत धनेशाची मादी शिरते. आत गेल्यावर ती ढोलीचं तोंड आपल्या विष्ठेने लिंपून बंद करते. चोच बाहेर येईल एवढी एक उभी फट तेवढी राहते. तिथून पुढे, जातीनुसार अडीच ते चार महिने, ती आणि अंडी फुटल्यावर तिची पिल्लं त्या फटीतून जे मिळेल त्यावर जगतात. नर वड, पिंपळ, उंबरावरून फळं गळ्यात भरून आणतो, ढोलीला बिलगून बसतो आणि एकेक फळ घशातून वर काढून चोचीच्या टोकाने आत पोचवतो. आत मादीची उडण्याची मोठी पिसं झडून नवी येत असतात, त्यामुळे मधेच बाहेर पडून स्वतःचं पोट भरायची सोय तिला नसते. सगळा संसार एकट्या नराच्या फेऱ्यांवर चालतो.

याच फटीसमोर आता दर वसंतात ट्रायपॉड लागतात. ‘नेस्ट ॲक्टिव्ह आहे का’, ‘लोकेशन पाठव’, ‘फीडिंग शॉट मिळतोय का’ असे निरोप फिरतात. मुंबई-पुण्याहून रात्री निघालेल्या गाड्या पहाटे वाडीत पोचतात. धनेश हे त्यातलं एक उदाहरण. स्वर्गीय नर्तक, हळद्या, शृंगी घुबड, टिटवी, सुरय, आणि पावसाच्या तोंडाशी तिबोटी खंड्या, या सगळ्यांच्या घरट्यांभोवती थोड्याफार फरकाने हेच घडतं.

माझं म्हणणं असं की, वीण हंगामात घरट्यावरचं हौशी छायाचित्रण पूर्ण थांबलं पाहिजे. अभयारण्याच्या आत आणि बाहेरही, सरकारी जंगलात आणि मालकीच्या रानातही. अंतर ठेवा, वेळ कमी करा, शांत बसा अशा सूचनांनी हे भागणार नाही. आणि हे थांबवायची पहिली जबाबदारी वन खात्याच्या रक्षकाइतकीच आपली, गळ्यात दुर्बीण आणि कॅमेरा घेऊन फिरणाऱ्यांची आहे. कारण त्या चित्राला मान आपणच देतो.

सूचनांनी का भागणार नाही? त्रास दिसत नाही, म्हणून. धनेशाचा नर फळं घेऊन थेट ढोलीवर येत नाही. आधी जवळच्या उंच झाडावर बसतो, चहूकडे बघतो, आणि खात्री पटली की मगच झेप घेतो. खाली माणसांचा घोळका असेल तर तो तिथेच बसून राहतो, गळ्यात फळं घेऊन. कधी दिशा बदलून निघूनही जातो. खाली बसलेल्याला यातलं काही कळत नाही. त्याचा डोळा लेन्समधून फटीवर खिळलेला असतो. त्याच्या हिशेबी नर ‘आज उशिरा आला’. पण त्या उशिराचा अर्थ आतल्या पिल्लाच्या पोटात कळतो. सकाळच्या दोन फेऱ्या चुकल्या, तेच दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गटामुळे झालं, शनिवार-रविवारी तर दिवसभर झालं, की त्याची बेरीज एखाद्या अशक्त पिल्लाच्या मरणात होऊ शकते. ते पिल्लू ढोलीच्या आतच मरतं. बाहेर कुणाला दिसत नाही, कुणाच्या नोंदीत येत नाही. धनेश वर्षाला एकदाच वीण घालतो. ती फसली की जोडप्याचं अख्खं वर्ष गेलं.

‘पण आम्ही असताना नर आला, त्याने भरवलं, म्हणजे त्याला आमची भीती नव्हती’ असं बरेच जण मनापासून सांगतात. पिल्लांच्या भुकेपुढे पालक पक्षी मोठा धोका पत्करतात. तो आला याचा अर्थ त्याची भीती गेली असा होत नाही. भीती असूनही आला, एवढंच त्यातून सिद्ध होतं. अंड्यांवर घट्ट बसून राहिलेल्या पक्ष्याबद्दलही हेच. तो हलत नाही, कारण हललं की अंडी उघडी पडतील.

आपल्याकडच्या वसंतात तर अंडी उघडी पडणं जिवावरचं असतं. थंड देशांत पालक अंड्यांना ऊब देण्यासाठी बसतात असं आपण वाचतो. चैत्र-वैशाखातल्या सोलापूरच्या किंवा विदर्भाच्या माळावर टिटवी दुपारी अंड्यांवर उभी राहते ती सावली धरण्यासाठी. पाण्यावर जाऊन ती पोटाची पिसं भिजवून येते आणि त्या ओल्या पिसांनी अंडी थंड ठेवते. पारा चाळिशीपार असताना त्या उघड्या जमिनीवर अंड्यातला जीव फार वेळ तग धरत नाही. नदी सुरयाची वसाहतही याच दिवसांत भरते: नदीतल्या वाळूच्या बेटांवर, धरणाचं पाणी ओसरल्यावर उघड्या पडलेल्या खडकाळ उंचवट्यांवर. कर्नाटकातल्या भद्रा जलाशयातली त्यांची वसाहत प्रसिद्ध आहे. अशा बेटाजवळ होडी गेली की सगळे पक्षी एकदम उठतात, डोक्यावर घिरट्या घालत ओरडतात, आणि ते ‘ॲक्शन’चं चित्र म्हणून टिपलं जातं. तेवढा वेळ खाली अंडी उन्हात पडून असतात आणि कावळे, घारी टपलेल्या असतात. जगभरात संख्या घटत चालल्यामुळे नदी सुरयाची गणना आता असुरक्षित जातींत होते. ज्या जातीची ही अवस्था आहे तिच्या वसाहतीभोवती होडी फिरवायला कुठलंही कारण पुरेसं नाही.

झाडावरच्या उघड्या, वाटीसारख्या घरट्यांचं दुखणं वेगळं. स्वर्गीय नर्तकाचं घरटं बारीक फांदीच्या बेचक्यात, पानांच्या आडोशाला असतं. तो आडोसा हेच त्याचं संरक्षण. पण चित्रात पानं आड येतात, म्हणून ती बाजूला बांधली जातात, फांद्या छाटल्या जातात. याला ‘सफाई’ म्हणायची पद्धत आहे. चित्राची पार्श्वभूमी स्वच्छ होते, उजेड नीट पडतो, आणि चार-पाच तासांनी चित्र घेऊन सगळे निघून जातात. घरटं मात्र त्यानंतरचे दहा-बारा दिवस तसंच उघडं राहतं. टकाचोर, भारद्वाज, कावळा यांना अंडी-पिल्लं हेरायला पानांतली एवढीशी फट पुरते. माणसांच्या ये-जा करण्याने गवतात पडलेली वाट जमिनीवरून येणाऱ्या शिकाऱ्यांनाही घरट्यापर्यंत नेते. पिल्लं जरा मोठी झालेली असली तर गडबडीने ती वेळेआधीच घरट्याबाहेर उड्या टाकतात, आणि ज्याला अजून उडता येत नाही असं पिल्लू जमिनीवर रात्र काढू शकत नाही. पुढच्या आठवड्यात दुसरा गट येतो तेव्हा घरटं रिकामं असतं. ‘पिल्लं उडाली’ असं समजून तो परततो.

घरट्यावर छायाचित्रण करायची प्रथा पडली कशी, हे समजून घेतलं तर आज तिची गरज का उरली नाही हेही लक्षात येतं. इंग्लंडमध्ये रिचर्ड आणि चेरी कीर्टन या भावांनी १८९२ मध्ये घरट्यातल्या अंड्यांचं छायाचित्र काढलं. तसं ते पहिलंच मानलं जातं. त्या काळी कॅमेरे अवजड, काचेच्या प्लेटा मंद, लेन्स आखूड. पक्षी जवळ यायला हवा आणि जिथे येईल ती जागा आधीपासून माहीत हवी. अशी जागा एकच, घरटं. कीर्टन बंधूंनी पक्ष्यांना संशय येऊ नये म्हणून बैलाचं कातडं चढवलेला पोकळ सांगाडा करून त्यात बसण्यापर्यंत मजल मारली होती. पुढे एरिक हॉस्किंग या नामवंत छायाचित्रकाराने १९३७ मध्ये घुबडाच्या घरट्याजवळ काम करताना डावा डोळा गमावला. घुबडाने थेट चेहऱ्यावर हल्ला चढवला होता. त्या पिढीकडे दुसरा मार्ग नव्हता, आणि पक्षी कसे जगतात याची दृश्य माहितीही जगाकडे जवळजवळ नव्हती. त्यांच्या कामाबद्दल मला आदर आहे.

आज आपल्या खांद्यावर सहाशे मिलिमीटरच्या लेन्स आहेत. पक्ष्याचा डोळा आपोआप शोधून त्यावर फोकस धरणारे, सेकंदाला वीस-वीस चित्रं टिपणारे कॅमेरे आहेत. उडणारी पाकोळी टिपता येते, संध्याकाळच्या अपुऱ्या उजेडात रातवा टिपता येतो. घरट्यापाशीच जायची तांत्रिक गरज संपून बरीच वर्षं झाली. तरीही लोक तिथेच जातात, कारण तिथे चित्र हमखास मिळतं. सुट्टीचा एकच दिवस, लांबचा प्रवास, गाइडचे पैसे दिलेले. रिकाम्या हाताने परतायचं नसतं. ही अडचण मला कळते. पण तिचं ओझं एखाद्या पिल्लावर टाकायचा हक्क आपल्याला नाही.

आणि मिळतं काय? त्याच झाडाचं, त्याच फटीचं, त्याच कोनातून, चोचीत तेच लाल फळ धरलेल्या नराचं चित्र, जे आदल्या वर्षी शेकडो लोकांनी काढलेलं असतं. त्यातून धनेशाबद्दल नवं काही कळत नाही. चित्राखाली किती फेऱ्या झाल्या, कोणती फळं आणली, किती वेळाने आला, यातली एकही नोंद सहसा नसते.

इथे अभ्यासाचा मुद्दा पुढे येतो आणि तो खरा आहे. घरट्यांचा अभ्यास झाला नसता तर वर लिहिलेलं काहीच मला लिहिता आलं नसतं. सालिम अलींनी १९३० मध्ये अलिबागजवळच्या किहीमला सुगरणीच्या वसाहतीसमोर शिडीवर बसून रोज तासन् तास निरीक्षण केलं. एक नर अर्धवट विणलेलं घरटं दाखवतो, मादी ते पसंत करून ताब्यात घेते, मग नर दुसरं विणायला घेतो, हा सगळा क्रम त्यांनी तिथे उलगडला. त्यांच्यासमोर एक प्रश्न होता, एकच माणूस महिनोन् महिने बसला, आणि मिळालेली माहिती त्यानंतरच्या प्रत्येकाच्या कामाला आली. आजही ज्याला घरट्याचा अभ्यास करायचा आहे त्याने वन विभागाकडे जावं, प्रश्न मांडावा, परवानगी घ्यावी. अशा अभ्यासकाला कुणी अडवू नये. त्याचं नाव पुढे करून वीस जणांनी एका झाडाखाली बसणं मात्र मला मान्य नाही.

घरटी टाळूनही विज्ञानाला केवढी मदत होते याचा पुरावा ताजा आहे. २०२३ चा देशातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल तीस हजारांहून अधिक हौशी निरीक्षकांनी केलेल्या सुमारे तीन कोटी नोंदींवर उभा राहिला. ९४२ जातींचा आढावा त्यात आहे आणि त्यातल्या १७८ जातींकडे तातडीने लक्ष द्यायला हवं, असं तो सांगतो. या नोंदी म्हणजे बहुतांशी साध्या याद्या: कुठे, केव्हा, किती वेळ, कोणते पक्षी, किती. गावच्या तळ्याकाठी अर्धा तास उभं राहून कुणीही केलेल्या.

आता कायदा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शिकार’ या शब्दाची जी व्याख्या आहे, तिच्यात पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विचलित करणंही येतं. मारणं, पकडणं यांच्याच रांगेत. ही तरतूद अभयारण्यापुरती नाही, सगळीकडे लागू आहे. महाधनेश आणि कवड्या धनेश या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत येतात आणि त्या अनुसूचीतल्या प्राण्याच्या शिकारीला तीन ते सात वर्षांची कैद आहे. म्हणजे नवा कायदा मागायची गरज नाही. पण फांदी बांधणाऱ्याला किंवा ढोलीखाली तंबू ठोकणाऱ्याला शिकारी म्हणून कुणी पकडत नाही, आणि पकडावं असं वन कर्मचाऱ्यालाही वाटत नाही, कारण समोरचा माणूस निसर्गप्रेमी म्हणून आलेला असतो; पुष्कळदा साहेबांच्याच ओळखीचा. ब्रिटनमध्ये १९८१ च्या कायद्याने दुर्मिळ जातींच्या घरट्याजवळ छायाचित्रण करायचं तर आधी परवाना घ्यावा लागतो. तिथे निदान हौशी माणसाला आधीपासून ठाऊक असतं की आपण काहीतरी मागायला जातोय. आपल्या वन विभागाने वीण हंगामाआधी एक साधं, स्पष्ट परिपत्रक काढावं: घरट्यापाशी जाणं, थांबणं, छायाचित्र काढणं हे घरटं विचलित करणं मानलं जाईल. व्याख्येत ‘विचलित’ म्हणजे काय हे प्रत्येक वनरक्षकाने आपापल्या मनाने ठरवायचं, ही स्थिती संपली पाहिजे.

या भूमिकेविरुद्धचा सगळ्यात वजनदार आक्षेप वेगळाच आहे आणि तो मी कोकणातल्याच माणसांकडून ऐकला आहे. ते म्हणतात, धनेशाला छायाचित्रकार मारत नाहीत, कुऱ्हाड मारते. रत्नागिरी जिल्ह्यातलं बहुतेक जंगल खासगी मालकीचं आहे. तिथला शंभर वर्षांचा बेहडा किंवा आंबा मालकाला व्यापाऱ्याकडून रोख पैसे मिळवून देतो. धनेशाला स्वतः ढोली कोरता येत नाही; जुन्या झाडाला फांदी मोडल्याने, कुजल्याने पडलेली मोठी पोकळी त्याला लागते, आणि चांगली ढोली मिळाली की जोडपं वर्षानुवर्षं तिथेच परत येतं. असं एक झाड पडलं की त्या जोडप्याचं घर कायमचं गेलं. मग ज्या झाडाखाली दर वसंतात पाहुणे येतात, घरगुती जेवणाचे आणि राहण्याचे पैसे देतात, ते झाड मालक तोडणार नाही. छायाचित्रकाराला हाकललंत तर त्या झाडाचा एकमेव आर्थिक आधार काढून घेतलात.

हा युक्तिवाद मला फार दिवस अस्वस्थ करत होता, कारण त्याचा पहिला भाग निर्विवाद खरा आहे. देवराया सोडल्या तर म्हातारी झाडं उरतात कुठे? झाडाच्या मालकाला पैसे मिळालेच पाहिजेत, यावरही माझं दुमत नाही. पण पैसे मिळण्यासाठी घरट्याखाली गर्दी जमलीच पाहिजे, हा त्यातला दुवा मला पटत नाही. घरट्याखालच्या गर्दीमुळे जोडपं वीण सोडून गेलं तर त्या झाडाचं उत्पन्नही त्याच वर्षी संपतं. शिवाय हे उत्पन्न बहुधा झाडाच्या मालकाला मिळत नाही. गाडी आणणाऱ्या गाइडला आणि रस्त्याकडेच्या हॉटेलाला मिळतं.

दुसरा रस्ता देशात चालून दाखवलेला आहे. अरुणाचल प्रदेशात पक्के व्याघ्र प्रकल्पाच्या शेजारी २०११-१२ पासून धनेशांची घरटी दत्तक देण्याचा कार्यक्रम सुरू आहे. न्यिशी समाजाची घोरा-आबे संस्था, नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशन आणि वन विभाग मिळून तो चालवतात. शहरातले लोक पैसे देतात, त्यातून गावातल्याच माणसांना घरटी शोधण्याचा, राखण्याचा आणि नोंदी ठेवण्याचा पगार मिळतो. त्यांच्यातले काही पूर्वी शिकार करत. पैसे देणाऱ्याला झाडाखाली येऊन बसायचा हक्क मिळत नाही. त्याला माहिती मिळते, पिल्लू बाहेर पडल्याची बातमी मिळते. आणि अरुणाचल कशाला, आपल्याच मंडणगड तालुक्यातलं वेळास घ्या. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये तिथे सागरी कासवांच्या संवर्धनाचं काम हाती घेतलं आणि पुढे तिथे सुरू झालेला कासव महोत्सव गावकऱ्यांनी आपला केला. तोही वसंतातच. लोक घराघरांत उतरतात, कोकणी जेवण जेवतात, आणि किनाऱ्यावर दोरीमागे उभं राहून पिल्लं समुद्राकडे जाताना बघतात. दोरी गावाने बांधलेली असते, म्हणून ती पाळली जाते.

धनेशासाठी अशी दोरी कुठे बांधायची? माझ्या मते फळलेल्या वडाजवळ. रायवळ आंब्याच्या दिवसांत कोकणातला एखादा वड किंवा उंबर पिकला की तिथे दिवसभर वर्दळ असते. कवड्या धनेश, कुठे महाधनेश, हरियल, कुटुर्गे, तांबट, हळद्या, बुलबुल. ककणेर म्हणून गावकरी ज्याला ओळखतात तो कवड्या धनेश फळ तोडतो, हवेत झेलतो आणि गिळतो. त्याच्या पंखांचा आवाज खालपर्यंत येतो. घरट्यापाशी एक पक्षी एका चौकटीत अडकलेला दिसतो. इथे अख्ख्या रानाचा व्यवहार समोर चालतो. कोणता वड कधी पिकणार हे गावातल्या माणसाला जितकं ठाऊक असतं तितकं कुठल्याच ॲपला नसतं, आणि त्या माहितीचे पैसे त्याला खुशाल मिळावेत. मालकाने वड राखावा, ढोलीचा बेहडाही राखावा, पण पाहुणा वडापाशी न्यावा. ढोलीचे पैसे शहरातल्या दत्तक-निधीतून यावेत. पुण्या-मुंबईतल्या पक्षीमित्र संस्थांनी असा निधी उभा करावा. एका लेन्सच्या किमतीत कितीतरी झाडांची अनेक वर्षांची राखण होईल.

वसंतात चित्रांना तोटा नाही, हेही एकदा मोकळेपणाने सांगायला हवं. पानं गळून उघडे पडलेले पळस, पांगारे, काटेसावर फुलतात तेव्हा एका झाडावर सकाळी दोन तास बसलं तरी शिंजीर, मैना, कोतवाल, पळसमैनांचे थवे, पोपट, फुलटोचे असे किती पक्षी येतात याची गणती नाही. परागकणांनी पिवळं झालेलं कपाळ घेऊन उडणारा शिंजीर मला कुठल्याही फीडिंग शॉटपेक्षा सुंदर वाटतो. ओढ्यातली शेवटची डबकी आटत आलेली असतात तेव्हा तिथे दिवसभर पाणी प्यायला, अंघोळीला पक्ष्यांची रांग लागते. पुण्याजवळच्या सिंहगड व्हॅलीत हे कित्येकांनी अनुभवलं आहे. दांडेलीजवळ गणेशगुडीला पक्ष्यांसाठी ठेवलेल्या पाण्याच्या कुंड्यांवर लाजरेबुजरे जंगली पक्षीही अगदी जवळून दिसतात. तिथे पक्षी स्वतःच्या मर्जीने येतो आणि नको वाटलं तर येत नाही. त्याची ही मोकळीक शाबूत राहणं, एवढीच माझी अट आहे.

म्हणूनच पक्ष्याला बोलावण्यासाठी त्याचा ध्वनिमुद्रित आवाज, म्हणजे ‘कॉल’, वाजवण्याबद्दलही मला तेच वाटतं. मेअखेरीस नवरंग पक्षी आपल्याकडे येतो, जागा धरतो, पहाटे आणि तिन्हीसांजेला साद घालतो. त्याच्यासमोर स्पीकरवर त्याचीच साद वाजवली की तो प्रतिस्पर्धी आला समजून धावत येतो, उघड्यावर बसतो, पुन्हा पुन्हा ओरडतो. वीण हंगामातला त्याचा वेळ आणि जोर नसलेल्या शत्रूशी भांडण्यात जातो. हे बंद व्हावं.

उजनीच्या फुगवट्यावरचा प्रकार घरट्याचा नसला तरी ऋतूचाच आहे. भिगवण, कुंभारगाव, डिकसळ इथे फाल्गुनात पट्टकदंब हंस हिमालयापलीकडे जायच्या तयारीत असतात, अंगावर चरबी चढवत असतात. रोहितांचे, म्हणजे फ्लेमिंगोंचे, थवेही उथळ पाण्यात चरत असतात. ‘मामा, जरा उडवता का?’ अशी विनंती होडीवाल्याला होते, कारण पंख उघडल्यावर रोहिताचा लाल-काळा रंग दिसतो. होडीवाला मूळचा मासेमार. गिऱ्हाइकाला नाही म्हणणं त्याला परवडत नाही. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. पण तिथल्या काही होडीवाल्यांनी ठरवून होडी लांबूनच वळवायला सुरुवात केली तर पाहुण्यांनी त्यांच्या बाजूने उभं राहावं, आणि चांगली बक्षिसी त्यांनाच द्यावी. पक्षी आपणहून उडतातच. संध्याकाळी थोडं थांबलं की मिळतं.

घरट्यांची ठिकाणं जाहीर करणं हा प्रश्न कॅमेऱ्याच्याही पलीकडचा आहे. पोपटांची आणि घुबडांची पिल्लं चोरणारे लोकही फोन वापरतात. छायाचित्रासोबत गावाचं नाव, झाडाची खूण, कधी नकाशावरचा बिंदूच टाकलेला असतो. पक्ष्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या ई-बर्डसारख्या ऑनलाइन मंचावर काही संवेदनशील जातींची नेमकी ठिकाणं मुद्दाम झाकली जातात. एवढं पथ्य व्हॉट्सॲप गटांतही पाळता येईल. घराच्या गॅलरीत बुलबुलाने घरटं केलं, मुलांनी दुरून बघितलं, यावर माझी काही हरकत नाही. मुलांना पक्ष्यांची गोडी तिथूनच लागते. ते घरटं शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावून दाखवू नये आणि त्यावर फोन धरू नये, इतकं त्यांना सांगितलं की पुरे.

शेवटी सगळं येऊन थांबतं ते मान कशाला द्यायचा यावर. देशातल्या अनेक छायाचित्र स्पर्धांनी आणि पक्ष्यांच्या मोठ्या फेसबुक समूहांनी घरट्याची चित्रं न स्वीकारण्याचा नियम फार पूर्वी केला आणि त्याचा परिणाम दिसला: जे चित्र कुठे लावता येत नाही ते काढायला पहाटे तीनला उठणारे कमी होतात. आपल्याकडची स्थानिक प्रदर्शनं, दिवाळी अंकांची मुखपृष्ठं, पर्यटन महोत्सवांचे फलक, सरकारी दिनदर्शिका अजून या नियमाबाहेर आहेत. महाराष्ट्रात ५ नोव्हेंबरला मारुती चितमपल्लींच्या आणि १२ नोव्हेंबरला सालिम अलींच्या जयंतीच्या निमित्ताने पक्षी सप्ताह साजरा होतो. जिल्ह्याजिल्ह्यांत व्याख्यानं होतात, शाळांमध्ये चित्रं लागतात, वन अधिकारी दीपप्रज्वलन करतात. येत्या सप्ताहात प्रदर्शन भरवणाऱ्या प्रत्येक संस्थेने प्रवेशिकेवरच छापावं की घरटं, अंडी किंवा घरट्यातलं पिल्लू असलेलं चित्र घेतलं जाणार नाही. तरीही ते आलं तर बाजूला ठेवावं आणि पाठवणाऱ्याला त्याचं कारण पत्राने कळवावं.